घर माणसाकडे वळलं पाहिजे



स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या देखभालीवरील या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं स्वागत करतो. घरातल्या आजारी माणसाजवळ दुसऱ्या कुणाला तरी बसवून जे इथवर आले आहेत, त्यांचं स्वागत मी सगळ्यांत आधी करतो. त्यांच्यासाठी एक दिवस घराबाहेर पडणं किती अवघड असतं, हे या सभागृहातल्या अनेकांना ठाऊक आहे.

ही परिषद भरते आहे तो हिंगोली, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. वसमतच्या हळदीने आम्हाला बाजारात नाव दिलं आणि नर्सीने वारकरी परंपरेत. कारण नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. औंढ्याच्या नागनाथाची एक कथा इथल्या प्रत्येक घरात सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं. ते निमूटपणे मागे गेले आणि गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला, म्हणून औंढ्याला तो देवळाच्या मागे आहे, असं सांगतात.

आजच्या विषयाचं सार मला या कथेत दिसतं. स्मृतिभ्रंश झालेला माणूस आपल्या घराच्या शिस्तीप्रमाणे, आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वळू शकत नाही. त्याची ती शक्तीच आजाराने हिरावून घेतलेली असते. आपण त्याला समजावतो, रागावतो, पाठ करून घेतो, आणि शेवटी दोघंही थकतात. वळायचं असतं ते घराने. माणूस जिथे बसला आहे तिकडे घराने तोंड फिरवायचं. हे राहतं घर असो की निवासी देखभाल केंद्र, कसोटी एकच.

हा प्रश्न पुण्या-मुंबईचा आहे, आपल्याकडे एकत्र कुटुंबं आहेत, असं अजूनही ऐकू येतं. पण लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळंच सांगतात. भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत सरासरी ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के आहे, तर खेड्यात ८.४. पुरुषांत ५.८ आहे, तर स्त्रियांत ९. शिक्षण कमी, तिथे आजार अधिक. खेड्यात राहणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली, सत्तरीतली बाई हे वर्णन आपल्या वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी आज्यांना लागू पडतं. हा आजार आपल्या दारातला आहे.

तरीही तो लवकर ओळखला जात नाही. साठी बुद्धी नाठी म्हणून आपण पहिली काही वर्षं घालवतो. आजोबा तेच तेच विचारतात, हिशेब चुकतात, बांधावरून परत येताना वाट चुकतात, तरी वय झालं म्हणून सोडून देतो. मग कुणी बाहेरची बाधा सांगतं आणि देवऋषी सुरू होतात. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, डोक्याला लागलेला मार किंवा नैराश्य यांमुळेही असाच विसर पडतो आणि त्यावर उपचार होतात. अचानक एका रात्रीत भ्रम झाला तर लघवीच्या जंतुसंसर्गासारखं साधं कारण त्यामागे असू शकतं. तपासणीच झाली नाही तर बरा होणारा माणूसही बरा न होणाऱ्यांत मोजला जातो.

जे बरे होणार नाहीत, त्यांचा भार कुणावर पडतो? पोरं चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत आहेत, काही कुटुंबं दसऱ्यानंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. मागे राहते ती बहुतेक वेळा सून किंवा लेक. सासूबाई दिवेलागणीला गाठोडं बांधून "मला माझ्या घरी न्या" म्हणतात आणि त्या घरातच बसलेल्या असतात. रात्री दोन वाजता कडी काढून निघतात. जिने हाताने भरवलं, तिच्यावरच जेवू घातलं नाही म्हणून आळ घेतात. सकाळी त्याच सुनेला निंदायला रोजाने जायचं असतं. तिच्या झोपेची नोंद कुठल्याच दवाखान्यात होत नाही.

या सुनांना आधार देता येतो, हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिलं. त्या निदान पंधरवड्यातून एकदा घरी जात. आजार समजावून सांगत, त्रासदायक वागण्याला कसं सामोरं जायचं ते शिकवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, ओझं हलकं झाल्याचं त्यांना जाणवलं. हे ज्यांनी केलं त्या गावातल्याच होत्या. आपल्याकडे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई आहेत. माणूस जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतो का, हा प्रश्न त्यांच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये आजही आहे. उत्तर 'हो' आलं तर पुढे कुठे पाठवायचं, ती वाट बांधणं बाकी आहे.

तरी काही माणसांना घरी ठेवणं एका टप्प्यानंतर अशक्य होतं. सांभाळणारीच सत्तरीची असते, ती स्वतः आजारी पडते, किंवा घरात कुणी उरलेलंच नसतं. अशा वेळी आई-वडिलांना केंद्रात ठेवणाऱ्या मुला-मुलींना आपण टाकून दिलं म्हणतो. मला या व्यासपीठावरून आग्रहाने सांगायचं आहे, की जिथे आईला वेळेवर औषध, स्वच्छ अंथरूण आणि रात्रीही जागं माणूस मिळतं, तिथे तिला ठेवणं ही माया आहे. ठेवून पुन्हा कधी भेटायला न जाणं, याला टाकून देणं म्हणतात.

पण ठेवायचं कुठे? बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेशाची पहिली अट असते, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. ज्याला सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद. पुण्यातलं तपस आणि नालासोपाऱ्याजवळ राजोडीला सिल्व्हर इनिंग्ज संस्थेने उभं केलेलं स्नेहांजली ही निवासी केंद्रं, डिग्निटी फाउंडेशनची मुंबईतली दिवसभराची केंद्रं, अशी कामं राज्यात झाली. केरळात १९९२ साली सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीने देशभर वाट घालून दिली. या सगळ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण हिंगोलीहून पुणे म्हणजे ट्रॅव्हल्सने रात्रभराचा प्रवास. महिन्याचा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्यापलीकडचा. शिवाय ज्या माणसाला जुनंच तेवढं ओळखू येतं, त्याला अनोळखी शहरात, अनोळखी बोलीत नेऊन ठेवायचं. असं घर आपल्या मातीतच हवं.

ते कसं असावं, याची चर्चा आपण दिवसभर करणार आहात. आमच्या मनातलं चित्र मी मांडतो. ते एकमजली असावं आणि मधे मोठं अंगण असावं. चालत राहण्याची ओढ असलेल्या माणसाला अडवू नये, त्याला फेरी मारून पुन्हा तिथेच आणणारी वाट असावी. संडासाचं दार खाटेवरून दिसावं आणि भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचं असावं. फरशी चकचकीत नको, ती ओली वाटते. दारापुढचं काळं पायपुसणं नको, ते खड्ड्यासारखं दिसतं आणि माणूस पाऊल टाकत नाही. रात्री मंद दिवा हवा. स्वयंपाकघर इतकं जवळ हवं, की फोडणीचा वास आला की जेवणाची वेळ झाली हे सांगावं लागू नये.

दिवस घालवायला पत्ते आणि टीव्ही पुरेसे नाहीत. ज्या हातांनी जन्मभर कापूस वेचला, तूर पाखडली, हळकुंडं निवडली, त्या हातांना सूप द्यावं, शेंगा द्याव्यात, वाती वळायला कापूस द्यावा. काम नीट झालं की नाही हे पाहू नये. नाव आठवत नाही त्या माणसाला अभंग आठवतो, हे आपण पाहतो, म्हणून संध्याकाळच्या त्या बेचैन घटकेला टाळ आणि भजन असावं.

आणि तिथे प्रत्येकाची जीवनकथा लिहिलेली असावी. आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, बालपण उरतं. तांड्यावरची आजी मराठी विसरून गोरबोलीत बोलू लागेल. कुणी दखनी बोलेल. कळमनुरीकडच्या आंध समाजातल्या आजोबांना त्यांच्याच गावचं माणूस जवळचं वाटेल. नव्वदीकडे झुकलेल्यांचं बालपण निजामाच्या राज्यात गेलं. एखादे आजोबा मध्यरात्री रझाकार आले म्हणून ओरडले, तर ते कुठल्या भीतीत आहेत हे सांभाळणाऱ्या मावशीला कळलं पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली आजी उशीखाली भाकरी लपवत असेल, तर ती हिसकावून न घेता तिच्या उशाला झाकणाचा डबा ठेवावा. इतकं जाणणारं घर इथल्याच माणसांना चालवता येईल.

'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे भरकटत जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नसते, आजाराचं नावही नसतं. समोरच्याला भूक लागली आहे, तो घाबरला आहे, एवढं तिला कळतं. ही समज आपल्या गावांत भरपूर आहे. तिला शास्त्राची जोड हवी: उचलायचं कसं, कूस किती वेळाने बदलायची, ठसका न लागता भरवायचं कसं. आणि हे काम करणाऱ्या मावशी-मामांना त्यांच्या कष्टाला शोभेल असा पगार हवा. थकलेल्या, अर्धपोटी हातांकडून मायेची अपेक्षा करणं अन्याय आहे.

काही गोष्टी त्या घरात कधीही होऊ नयेत. शांत ठेवण्यासाठी खाटेला बांधणं होऊ नये. गुंगीच्या औषधांवर दिवस काढणं होऊ नये. मनोविकारांवरच्या काही औषधांनी या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या काळापुरतीच असावीत. प्रवेशाच्या कागदांबरोबर सातबाऱ्याच्या व्यवहारावर अंगठा घेणं होऊ नये. स्मरण गेलं तरी माणसाचा हक्क जात नाही.

कायदाही हेच सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातल्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर विकार येतो. त्यामुळे रुग्णाची प्रतिष्ठा, त्याने निवडलेला प्रतिनिधी, संस्थेची नोंदणी आणि किमान दर्जा हे विषय या घरांना टाळता येणार नाहीत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचं निवासस्थान टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. आमची मागणी आहे, की अशा प्रत्येक निवासस्थानात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळा, प्रशिक्षित विभाग असावा.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे आठवड्यातून एक दिवस स्मृती तपासणीचा बाह्यरुग्ण विभाग चालावा. प्रत्येक तालुक्याला दिवसभराचं निदान एक केंद्र असावं, म्हणजे सुनेला रोजाने जाता येईल आणि सासूबाई माणसांत राहतील. आणि जिल्ह्यात एक निवासी घर असावं, लहान, वीस-पंचवीस माणसांचं, जिथे खेड्यातली लेक दुपारच्या एसटीने भेटून संध्याकाळी परत जाऊ शकेल. या मोठ्या मागण्या नाहीत. आहे त्या माणसांची आणि योजनांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आहे.

शाळांमधल्या शिक्षकांनाही मला एक सांगायचं आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे स्मृतिभ्रंशाचे ४५ टक्के रुग्ण चौदा कारणांवर काम करून टाळता किंवा लांबवता येण्यासारखे आहेत. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं आहे आणि बालपणीचं अपुरं शिक्षणही आहे. आज शाळेत टिकणारी मुलगी उद्या सत्तरीत अधिक सुरक्षित असेल.

या परिषदेसाठी मंडप, भोजन, निवास यांची जबाबदारी घेणारे कार्यकर्ते, महाविद्यालयीन मुलं-मुली, देणगीदार आणि आज इथे आलेल्यांच्या घरी रुग्णांजवळ बसलेले शेजारी, या सर्वांचा मी ऋणी आहे. व्यवस्थेत काही उणं वाटलं तर हक्काने सांगा.

शेवटी एक विनंती. समारोपाला ठराव होतील. प्रत्येक ठरावापुढे तो कोण पार पाडणार आणि कधीपर्यंत, हे लिहावं. तालुका पातळीवरच्या दिवसभराच्या पहिल्या केंद्रासाठी जागा आणि माणसं उभी करण्याची जबाबदारी ही स्वागत समिती परिषद संपली म्हणून विसर्जित न होता स्वतःकडे घेत आहे. त्या ठरावापुढे आमचं नाव लिहावं आणि पुढच्या वर्षी आम्हाला हिशेब विचारावा.