अंगणातील बाग आणि घरचे पाणी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे पाहून गावोगावी अशा माला निघाल्या. नाव मोठे गोड आहे. पण खानदेशातला वसंत कसा असतो, हे मी आपणांस सांगावयास नको. लिंबाला मोहोर येतो तेवढाच काय तो वसंत. एरवी दुपारी बारा वाजता रस्ते ओस पडतात आणि मे महिना उजाडला की पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत घरच्या बागेविषयी बोलावयास उभे राहणे हा थोडा धीटपणाच आहे.

त्यातून एक अडचणीचा प्रश्न आरंभीच आडवा येतो. तो टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत नळाला रोज पाणी येत नाही. शेजारीण दोन हंड्यांसाठी ताटकळत असताना आपण रबरी नळीने गुलाबाला पाणी सोडावे, हे शोभते काय? माझे उत्तर सरळ आहे : शोभत नाही. पिण्याच्या पाण्यावर पोसावी लागणारी बाग उन्हाळ्यात करूच नये. परंतु म्हणून सगळे अंगण फरशीने मढवून टाकावे, असेही मी म्हणणार नाही. घरात एकदा वापरलेले पाणी, गच्चीवर पडलेला पाऊस आणि झाडाखालचा पालापाचोळा या तीन गोष्टींवर जेवढी बाग जगेल तेवढी आपली, हे माप मी आपणांपुढे ठेवतो.

हे माप मी घरी बसून काढलेले नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, आणि तिकडे मोसम व आरम नद्यांवर, काही शतकांपूर्वी आपल्या लोकांनी फड बागाईत बसविले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीनचार फड, आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसे नेमलेली. यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, पाणी पाहून पीक ठरत असे. पाणी कमी असेल त्या साली भिजवावयाचे क्षेत्रही कमी. आपण नेमके उलटे करतो. आधी रोपवाटिकेतून हौसेने वीस कुंड्या आणतो आणि मग पाण्याची चिंता करीत बसतो. घरच्या बागेलाही फड असावेत : पावसाळ्यात सगळे अंगण, हिवाळ्यात निम्मे आणि चैत्रापासून मृगापर्यंत मोरीजवळची चार झाडे. बाकीची जमीन त्या काळात नुसती झाकून ठेवावी.

झाकून ठेवावी, हे शब्द मी मुद्दाम वापरले. आपली काळी माती मोठी गुणाची, पण मानी आहे. पाऊस पडला की फुगते, ऊन लागले की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओल निघून जाते. कोळपणीने भेगा बुजल्या की एक पाणी वाचते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. अंगणात कोळपे कोण चालविणार? तेथे चार बोटे जाडीचा पाला, भुईमुगाची टरफले किंवा कडब्याचा चुरा पसरावा. झाडाच्या बुंध्याला मात्र तो चिकटू देऊ नये. चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. पावसाळ्यात याच मातीत पाणी तुंबून मुळे गुदमरतात. म्हणून भाजीचे वाफे वीतभर उंच घ्यावेत.

आणि हा पाला आपण काय करतो? सकाळी झाडून त्याची रास करतो आणि काडी लावतो! पानगळीच्या दिवसांत कोणत्याही आळीत जा, धूर आहेच. ज्याच्यासाठी पुढे आपण पोत्याला पैसे मोजतो, ते खतच आपण जाळीत असतो.

आपल्या धुळ्यावरून जो आग्रा रस्ता जातो, त्याच रस्त्यावर पुढे इंदूर लागते. तेथे होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ पासून १९३१ पर्यंत काडीकचऱ्याचे खत करण्याची रीत बसविली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीने यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचे नाव आहे. साहेबाचे नाव राहिले आणि वाडांचे विसरले गेले, हे आपल्याकडे नवे नाही. या रीतीचे मर्म असे की, वाळलेला काडीकचरा, ओला हिरवा भाग, शेण आणि थोडी माती व राख यांचे थर द्यावेत, ओल राखावी आणि अधूनमधून रास परतावी. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते. उन्हाळ्यात खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, हा भेदही इंदुरातच ठरला आणि तो आपल्या हवेला तंतोतंत लागू आहे. घरी तीन फूट लांब, रुंद व उंच अशी रास सावलीत पुरे. एक घमेले भाजीची देठे टाकली तर तीन घमेली वाळका पाला टाकावा. दुर्गंधी सुटली तर समजावे की वारा कमी पडला. रास परतून आणखी पाला घालावा. मूठभर खत दाबले तर हात ओला व्हावा, पाणी टपकू नये.

हल्ली जीवामृताची फार चर्चा असते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचे ते पाणी. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण ते विरजण आहे, दूध नव्हे. उघड्या, जळक्या मातीवर विरजण ओतून दही कसे लागणार? आधी पाला, मग काय ते जीवामृत.

आता पाण्याकडे येतो. आपल्या जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी केळ, अळू, कर्दळ असे. ती काही शोभेसाठी नव्हती. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला चालते. साबणाचे मात्र या तिघांनाच द्यावे, पालेभाजीवर ओतू नये. शिवाय ते रोज एकाच जागी सोडू नये. साबणातील सोडियमने काळी माती आणखी घट्ट आणि चोपण होते. आळी बदलीत जावे. गच्चीचे गणित तर थक्क करणारे आहे. जळगावला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे हजार चौरस फूट गच्चीवर सुमारे ६५ हजार लिटर पाणी. धुळ्याला त्याहून काहीसे कमी. हे सगळे आपण गटारात सोडतो. निदान पन्हाळीचे तोंड शोषखड्ड्याकडे वळवावे.

वेलांसाठी कच्च्या मातीचे, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून वर झाकणी ठेवावी आणि भोवती दोडक्याच्या, कारल्याच्या चार बिया लावाव्यात. माती जेवढे ओढील तेवढेच पाणी झिरपते. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही युक्ती आहे. ठिबकच्या नळ्या देशोदेशी पाठविणारे जळगाव मडक्याला मागासलेले समजते, ही गंमतच. नात्याने ते ठिबकची आजी लागते!

शेवटी वांग्याविषयी, कारण खानदेशात बागेची गोष्ट भरतापाशी आल्याशिवाय पुरी होत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बामणोदच्या वांग्याची कीर्ती तर त्याच्या आधीची. हे बी घरीच धरावे. जोमदार, निरोगी झाडावरचे एक फळ पिवळे होईपर्यंत राखावे, बी धुऊन सावलीत वाळवावे आणि राखेत ठेवावे. शेजारी दुसऱ्या जातीचे वांगे लावू नये. थोडा संकर होतोच. मावा पडला तर घाबरू नये. ढालकिडे येण्यासाठी आठवडाभर वाट पाहावी. तरीही तो वाढला तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून फवारावी. तीही संध्याकाळी, कारण उन्हाने तिचा गुण जातो. लिंबाला आज मोहोर आहे. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पिकून आपल्याच दारात पडतील. त्या पावसात कुजण्याआधी वेचाव्यात, गर धुऊन काढावा आणि सावलीत वाळवून ठेवाव्यात, वर्षभर पुरतात.