उडालेला फ्यूज



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, अशी आपल्या गावची प्रथा आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढची विद्या कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाली. म्हणून संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण हा विषय आम्ही मागून घेतला, तेव्हा चिटणीसांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. त्यांची शंका रास्त होती. पण ज्याचा हात यंत्रात जातो, त्याला त्या यंत्राविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा, एवढ्याच आधारावर आम्ही येथे उभे आहोत.

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टेबलावरचा पडदा येतो. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक पूर्ण झाला, तेव्हा तो पोलादी चौकटीत उभा होता आणि तो पाहायला माणसे जात. आजचे बहुतेक संगणक कोणाला दिसतच नाहीत. ते कपडे धुण्याच्या यंत्रात, लिफ्टमध्ये, मोटारीच्या ब्रेकमध्ये, रुग्णालयातल्या सलाइनच्या पंपात आणि कारखान्यातल्या प्रेसमध्ये बसवलेले असतात. यांनाच एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. असा संगणक नुसता हिशेब करीत नाही. तो लोखंड हलवतो, वीज सोडतो, किरण सोडतो. त्याची चूक कागदावर राहत नाही, ती माणसाच्या अंगावर येते.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने थेरॅक-२५ नावाचे यंत्र बनवले होते. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडण्याचे ते यंत्र. त्याचे काम दोन तऱ्हांनी चाले. एकीत सौम्य झोत सरळ अंगावर सोडायचा. दुसरीत त्याच्या सुमारे शंभर पट प्रवाहाचा झोत धातूच्या आडपडद्यावर आदळून त्यातून क्ष-किरण काढायचे. जोरदार झोत चालू असताना आडपडदा जागेवर नसला, तर रोग्याचा घात ठरलेला. आधीच्या थेरॅक-२० यंत्रात हे घडू नये म्हणून स्वतंत्र विद्युतमंडले आणि यांत्रिक इंटरलॉक होते. नव्या यंत्रात त्यांतले बरेच काढून टाकले आणि राखणीचे काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवले. १९८३ साली कंपनीने सुरक्षेची तपासणी केली, तिच्यात आज्ञावलीतल्या चुका जमेसच धरल्या नाहीत.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रोग्यांना अतोनात किरण बसले. त्यांतल्या टेक्सासमधल्या टायलर गावची हकीकत ऐकण्याजोगी आहे. मार्च १९८६ मध्ये तेथील चालिकेने एक अक्षर चुकीचे टंकले, लगेच वर जाऊन ते दुरुस्त केले आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर आले, 'बिघाड ५४'. या आकड्याचा उलगडा चालकांच्या पुस्तिकेत नव्हता. असले संदेश रोजचेच; तिने पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. आत रोगी कळवळत होता. कंपनीचे अभियंते आले, त्यांना दोष सापडला नाही, आणि यंत्राकडून असे होणे शक्य नाही असे त्यांनी सांगितले. यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये पुन्हा तेच घडले. दोघेही रोगी त्याच वर्षी दगावले.

दोष शोधला कोणी? त्याच चालिकेने आणि रुग्णालयातल्या पदार्थविज्ञाने. दोघे यंत्रासमोर बसले आणि तिने आपण काय काय केले ते आठवून पुन्हा पुन्हा करून पाहिले. कळ अशी निघाली की, तिचा हात सरावाने अतिशय जलद चाले. यंत्रातली चुंबके जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात दुरुस्ती झाली, तर आज्ञावलीला तिचा पत्ताच लागत नसे. कंपनीच्या माणसांनी सावकाश टंकून पाहिले होते, म्हणून त्यांना ती चूक दिसली नव्हती. बंधूंनो, प्रयोगशाळेला जे दिसले नाही, ते रोजच्या कामाने तयार झालेल्या हाताला दिसले.

आता फ्यूजची गोष्ट. शिकागो विद्यापीठाशी संबंधित केंद्रात जुने थेरॅक-२० यंत्र होते. विद्यार्थ्यांची नवी तुकडी त्याच्यावर बसली की फ्यूज उडत. मुले सरावली की महिनोन्‌महिने काही होत नसे. टायलरची बातमी कळल्यावर तेथील पदार्थविज्ञाने शोध घेतला, तेव्हा तीच चूक जुन्या यंत्राच्या आज्ञावलीतही निघाली. नवशिकी पोरे वाटेल त्या क्रमाने कळा दाबीत, चूक जागी होई आणि फ्यूज उडून रोगी वाचे. नव्या यंत्रात तो राखणदारच ठेवला नव्हता.

शेवटचा अपघात वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी झाला, त्याचे कारण निराळे होते. आठ बिटांच्या खणात २५५ पर्यंतच आकडा मावतो. पुढचा एक मिळवला की तो शून्य होतो, जसे रिक्षाच्या जुन्या मीटरमध्ये नवानंतर शून्य येई. त्या आज्ञावलीत असा एक खण प्रत्येक फेरीला एकाने वाढे, आणि तो शून्य असला तर एक महत्त्वाची तपासणी गाळली जाई. म्हणजे २५६ फेऱ्यांतून एकदा पहारेकरी डोळे मिटी. त्याच क्षणी कळ दाबली गेली.

या प्रकरणाचा संपूर्ण तपास नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. आज तो परदेशी महाविद्यालयांत पाठासारखा शिकवतात.

हे सारे आम्ही परक्या देशाचे म्हणून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात जुन्या प्रेसचे रिले काढून त्याजागी नवी पेटी बसवली. दोन्ही बटणे एकदम दाबली तरच प्रेस खाली यावा, अशी रचना. एक कामगार आमच्याकडे दोनदा आला. म्हणाला, "साहेब, घाईघाईत बटणं दाबली की कधीकधी ती दोनदा पडते." आम्ही त्याला म्हटले, पगारवाढीची बोलणी आटोपू दे, मग पाहू. तिसऱ्या खेपेस तो आला तो दोन बोटे गमावून. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. त्याचे म्हणणे आम्ही तेव्हा तारखेनिशी लिहून घेतले असते, तर निदान आमच्या हातात एक कागद असता. व्यवस्थापनाने त्याचे ऐकले नाही हे खरे. पण आम्हीही ऐकले नाही.

संगणक आला तेव्हा आमच्या चळवळीने एकच प्रश्न विचारला, नोकऱ्या किती जाणार? प्रश्न रास्त होता, आजही आहे. पण पेटीत काय लिहिले आहे, हा दुसरा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या चाकाला कुंपण घालायला लावले, कारण चाक दिसत होते. आज्ञावली दिसत नाही, म्हणून तिचे कुंपण मागायचे कोणाला सुचले नाही.

आपल्याकडे या विद्येची साधने नाहीत असे नाही. १९८० साली निघालेल्या ८०५१ या आठ बिटांच्या चिपवर आपल्या तंत्रनिकेतनांतली कितीतरी मुले शिकली. पुण्याचे सी-डॅक या विषयाची पदविका देते. मद्रासच्या आयआयटीने 'शक्ती' नावाचा प्रोसेसर तयार करून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. मुले हुशार आहेत. दिवा लुकलुकवतात, मोटार फिरवतात आणि गुण मिळवतात. आमचे मागणे एवढेच, की त्या अभ्यासात तीन गोष्टी याव्यात. पहिली, थेरॅकसारखे अपघात वर्गात मुळापासून शिकवावेत. दुसरी, आज्ञावली कितीही चांगली असो, तिच्यापासून स्वतंत्र असा एक राखणदार यंत्रात असलाच पाहिजे, हे मुलांच्या हाडीमासी रुजवावे. तिसरी, विद्यार्थ्याने काही दिवस कामगाराच्या शेजारी उभे राहून त्याचे बोलणे वहीत उतरवावे, आणि त्या वहीला गुण असावेत.

आणि कामगारांनीही हे थोडे शिकावे. आमच्या कचेरीत आता दर रविवारी सकाळी तंत्रनिकेतनातले एक तरुण शिक्षक येतात आणि फळ्यावर बिट म्हणजे काय ते समजावतात. पहिल्या बाकावर तो दोन बोटे गमावलेला गृहस्थ बसतो. आता तो निवृत्त झाला आहे. त्याला कशाला शिकायचे, असे कोणी विचारले तर तो म्हणतो, "मला खोटं पाडलं तेव्हा उत्तर देता आलं नाही. नातू लागलाय कामाला, त्याला तरी देता यावं."

यंत्रात फ्यूज उडाला तर तो बदलण्याआधी का उडाला ते विचारावे, एवढेच आमचे सांगणे.