शाळेची जागा आणि मुलांचा श्वास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



गुणवंत मुलांचे कौतुक नुकतेच पार पडले. अशा प्रसंगी अभ्यास, शिस्त व वक्तशीरपणा यांवर चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. परंतु ज्या श्वासाच्या बळावर मूल धडा म्हणते, त्या श्वासाविषयी आपण क्वचितच बोलतो. मी मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. रसायनशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. तथापि जपानातील एका प्राथमिक शाळेची हकीकत मला शिक्षकाच्या नात्याने फार बोधप्रद वाटते. तीच आज आपणांपुढे ठेवतो.

जपानच्या मिए प्रांतात योक्काइची नावाचे बंदर आहे. महायुद्धात होरपळलेल्या त्या देशाने पुन्हा उभे राहण्यासाठी उद्योगांची कास धरली आणि १९५९ साली या बंदरी खनिज तेल शुद्ध करणाऱ्या व त्यापासून रसायने बनविणाऱ्या कारखान्यांचा मोठा समूह सुरू झाला. शिओहामा येथील प्राथमिक शाळा त्यांच्या अगदी शेजारी होती. कारखान्यांचा अभिमान एवढा, की शाळेच्या गीतातही त्यांचा गौरव गायिला जाई.

परंतु तेथे वापरले जाणारे तेल मध्यपूर्वेतून येई व त्यात गंधकाचे प्रमाण पुष्कळ असे. गंधक जळला, म्हणजे सल्फर डायॉक्साइड हा उग्र वायू निर्माण होतो. श्वासनलिकेच्या ओलसर अस्तराला तो लागला, की तेथे दाह होतो, नलिका आकुंचन पावते आणि दमा उठतो. प्रौढ माणसाच्या तुलनेने मूल आपल्या वजनाच्या मानाने अधिक हवा आत घेते. ते धावते, खेळते. शिवाय त्याची फुप्फुसे अद्याप वाढत असतात. म्हणून त्याच धुराचा भार मुलावर अधिक पडतो. थोड्याच वर्षांत ‘योक्काइचीचा दमा’ हे शब्द जपानभर परिचित झाले.

त्या शाळेने हातपाय गाळले नाहीत. मुलांना पिवळे मास्क दिले गेले. दिवसातून अनेक वेळा गुळण्या करविल्या जात. शरीर काटक व्हावे म्हणून कोरड्या फडक्याने अंग घासण्याचा परिपाठ ठेवला. वर्गांत हवा शुद्ध करणारी यंत्रे बसविली. शिक्षकांच्या या तळमळीपुढे कोणीही मान लववावी. पण बंधूंनो, क्षणभर विचार करा. धुराडे मोकळे, आणि काटक होण्याचा भार मात्र सात वर्षांच्या बालकावर! हा कोठला न्याय? कारखान्यांनी धुराडी उंच केली, तेव्हा धूर नाहीसा झाला नाही. तो केवळ दूर जाऊन पडू लागला.

यातून मार्ग निघाला तो नोंदींमुळे. प्राध्यापक योशिदा कात्सुमी यांनी आरोग्यविम्याच्या कागदपत्रांवरून धुराच्या वस्तीतील व इतर वस्तीतील आजारांची तुलना केली. पुढे १९६७ साली इसोझु या कोळीवस्तीतील ९ रुग्णांनी ६ कंपन्यांवर दावा लावला. २४ जुलै १९७२ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. कोणत्या धुराड्याचा धूर कोणाच्या छातीत गेला, हे वेगवेगळे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही; सर्व कंपन्या मिळून जबाबदार आहेत, असे न्यायालयाने मानले. याहून महत्त्वाचे म्हणजे, लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल याची आधी चौकशी न करता तेथे कारखाने उभारणे हाच निष्काळजीपणा, असेही त्याने ठरविले. त्याच वर्षी शाळेचे गीत बदलण्यात आले. तेलातून व धुरातून गंधक काढण्याची यंत्रे बसली, प्रांताने एकूण धुरावरच मर्यादा घातली, आणि १९७६ पर्यंत तेथील हवेतील या वायूचे प्रमाण राष्ट्रीय मर्यादेच्या आत आले. कारखाने बंद पडले नाहीत. धूर मात्र आवरला. म्हणजे जे १९७६ साली साधले, ते आरंभीच करण्याचा आग्रह कोणी धरला असता, तर कित्येक छात्या वाचल्या असत्या.

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे उद्योगनगरांत राहतात; कित्येकांची चूल कारखान्याच्या पगारावरच पेटते. म्हणून कारखान्यांचा द्वेष करा, असे मी म्हणणार नाही. मुलाचे नाव घालताना आपण निकाल पाहतो, फी पाहतो. त्याबरोबर धुराडे किती अंतरावर आहे व वारा कोणीकडून वाहतो, हेही पाहावे. खोकल्यामुळे मूल किती दिवस घरी राहिले, याची तारीखवार टिपणे ठेवावीत. हजेरीपट हा शिक्षकाला निर्जीव कागद वाटतो; पण योग्य वेळी तोच साक्षीदार होतो. आपल्याकडे वायुप्रदूषणाचा कायदा १९८१ पासून आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. एकट्या आईबापाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. समितीचा ठराव नोंदींसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेला, तर त्याची दखल घेणे भाग पडते.

मास्क बांधणे हे शिक्षकाचे कर्तव्य खरे. परंतु मास्काची गरजच पडू नये, हे पाहणे समाजाचे कर्तव्य आहे. आज गौरविलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या शाळेत मोकळा श्वास लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.