वही कोणाची, हिशेब कोणाचा?

(कुपवाड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



येथील औद्योगिक वसाहतीतला कामगार हप्त्याने दुचाकी घेतो, तेव्हा तो कुठल्या तरी कंपनीचा ग्राहक होतो. त्याच्या नावाचे एक पान संगणकात उघडले जाते. नाव, पत्ता आणि येणे-बाकी एवढ्यावर आता ते पान थांबत नाही. इंटरनेटवर त्याच्याविषयी सापडेल ते आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव आलेले प्रत्येक कात्रण त्याच पानाला जोडून ठेवता येते.

उधारी देणाऱ्याने चौकशी करू नये, असे मी म्हणणार नाही. परंतु नोंद एकाने लिहायची, त्यानेच वाचायची आणि परिणाम मात्र दुसऱ्याने भोगायचे, ही व्यवस्था न्याय्य आहे काय? संपात अटक झाल्याची बातमी छापून येते. निर्दोष सुटल्याची बहुधा येत नाही. कात्रण तेवढे उरते. पुढे कर्ज नाकारले गेले, तर त्याचे कारण त्या माणसाला कळतही नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली सुपे येथून उठाव सुरू झाला आणि पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांसाठी झाला. आपले तासगाव व वाळवे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. वही सावकाराकडेच राहिली. तिच्यातला हिशेब मात्र त्याला दाखवावा लागला.

आता २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा पाहा. आपल्याविषयीची माहिती मागण्याचा हक्क तो संमती देणाऱ्यापुरताच ठेवतो. ज्याला न विचारताच माहिती गोळा केली, त्याला तो हक्क नाही. माणसाने स्वतः जाहीर केलेला मजकूर तर कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. परकीय सरकारने कर्जदाराला जे दिले, तेवढेही स्वतंत्र देशाच्या नागरिकाला मिळू नये काय?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक नोंदीवर तिचे मूळ व तारीख असावी. संबंधित माणसाने मागताच ती दाखवावी. त्याचा खुलासा तिच्याशेजारीच नोंदवावा. ज्या पतसंस्थांत व ग्राहक भांडारांत आपले कार्यकर्ते आहेत, तेथे ही शिस्त कायद्याची वाट न पाहता लागू करता येईल. ती आधी तेथे लागू करू या.