स्पॅनिश भाषेतील मसदर
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



पढना, खाना, जाना या रूपांना उर्दूच्या व्याकरणात आपण ‘मसदर’ म्हणतो. मराठीत तेथे ‘णे’ येते. आज मला स्पॅनिशमधील मसदराविषयी बोलावयाचे आहे. त्याचे शेवट तीन, आर, एर आणि इर. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबिर म्हणजे जगणे किंवा राहणे. शब्दकोशात क्रियापद याच रूपात सापडते.

आपली मुले ही भाषा इंग्रजीच्या आधाराने शिकतात आणि तेथेच घसरतात. ‘जेवण्यापूर्वी’ला इंग्रजीत ‘बिफोर ईटिंग’ म्हणतात, म्हणून मुलगा स्पॅनिशमध्येही ‘ईटिंग’चे रूप, कोमिएन्दो, लावून मोकळा होतो. ते साफ चूक. तेथे मसदरच हवा, ‘आन्तेस दे कोमेर’. घरातले ‘खाने से पहले’ आठवले असते तर तो चुकला नसता. घरच्या भाषेमुळे मूल मागे पडते असे मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

मसदर नामासारखाही चालतो. देबेर म्हणजे देणे लागणे. तोच शब्द नाम झाला की कर्तव्य, आणि अनेकवचनी देबेरेस म्हणजे शाळेचा गृहपाठ! विद्यार्थ्यांनी हसू नये, देणे ते देणेच.

मात्र एका ठिकाणी मसदर अडतो. ‘मला शिकायचे आहे’ याला ‘किएरो एस्तुदियार’ म्हणतात. इच्छा माझी आणि शिकणाराही मीच. पण ‘तू शिकावेस अशी माझी इच्छा आहे’ असे बाप म्हणतो तेव्हा कर्ता बदलतो आणि मसदर चालत नाही. मग ‘किएरो के एस्तुदिएस’. अगदी आपले ‘मैं चाहता हूँ के तुम पढ़ो’! याच रूपाआधी स्पॅनिश माणूस ‘ओहाला’ हा शब्दही लावतो. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या भूमीवर मुस्लिम राज्ये होती. अरबीतून तेथे रुजलेल्या या शब्दात अल्लाहचे नाव दडले आहे. ‘ओहाला एस्तुदिएस’ म्हणजे अल्लाह करो आणि तू शिकावेस.

प्रवेशाच्या वेळी मी मुलाला विचारतो, ‘स्पॅनिश कोणाला शिकायची आहे?’ पुष्कळदा उत्तर वडीलच देतात. तेव्हा मी मुलाकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारतो.