घरी शिकणाऱ्या मुलीचे तीन मे महिने

न्यू जर्सीत राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुलगी तेरा वर्षांची. ती शाळेत जात नाही. रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतलेली आई तिला घरीच शिकविते. बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम पुरा झाला आहे, वाचनाचा नाद अनावर आहे, आणि आता माध्यमिक शिक्षणाची अखेरची चार वर्षे, म्हणजे तिकडील नववी ते बारावी, पुढे उभी आहेत. अशा वेळी घरात एक प्रश्न शिरतो आणि तो काही केल्या बाहेर जात नाही. 'ए.पी.' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रगत परीक्षा हिने केव्हापासून द्याव्या आणि किती? बेळगावहून किंवा बडोद्याहून फोनवर बोलणारे आजी-आजोबा त्यात भर घालतात : शेजाऱ्यांच्या नातवाने म्हणे आठ दिल्या, आपली किती देणार?

ह्या परीक्षांचा जन्म 1950 च्या दशकातला. शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकलेलाच भाग महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात हुशार मुलांना पुन्हा शिकावा लागतो, असे अमेरिकेतील काही नामांकित शाळांच्या आणि विद्यापीठांच्या ध्यानात आले. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशातून त्याचा अभ्यास झाला. 1955 मध्ये कॉलेज बोर्ड ह्या संस्थेने योजना हाती घेतली आणि 1956 मध्ये पहिली परीक्षा झाली. आज सुमारे चाळीस विषयांत ती घेतली जाते व 1 ते 5 असे गुण मिळतात. म्हणजे मुळात हा उपाय वेळ वाचविण्यासाठी होता. प्रवेशाच्या चढाओढीत छातीवर लावावयाचे पदक म्हणून तो कोणी काढला नव्हता. (मराठी घरांना एक खंत मात्र वाटेल. विषयांच्या यादीत लॅटिन आहे, जपानी आहे, भारतीय भाषा एकही नाही. रविवारच्या मराठी शाळेत मुलीने जे कमावले त्याची नोंद आईनेच आपल्या हाताने करावयाची.)

घरी शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत ह्या परीक्षेला आणखी एक अर्थ येतो. गृहशिक्षण अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. परंतु देखरेखीचे नियम राज्यागणिक निराळे. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी मुलाच्या कामाचे संकलन पात्र परीक्षकाला दाखवावे लागते, न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीस अहवाल धाडावा लागतो. न्यू जर्सीत मात्र पालकांवर सरकारला नुसते कळविण्याचेही बंधन नाही. ह्या मोकळिकीची दुसरी बाजू विद्यापीठाकडे अर्ज करताना पुढे येते. गुणपत्रक आईने लिहिलेले, सही आईची, शेरे आईचे. ते खोटे आहेत असे कोणी म्हणत नाही. पण परक्या माणसाने तपासलेला एखादा तरी कागद सोबत असावा, असे प्रवेश अधिकाऱ्याला वाटणे साहजिक आहे. पूर्वी सॅटच्या विषयवार परीक्षा हे काम करीत. त्या 2021 मध्ये बंद झाल्या, आणि साक्षीचा बराचसा भार ए.पी.वर येऊन पडला.

आता साक्ष म्हटली की ती वेळेवर पोहोचली पाहिजे, आणि येथेच अनेक घरांचा हिशेब चुकतो. परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्यात होते. निकाल जुलैत लागतो. विद्यापीठांचे अर्ज बारावीच्या वर्षी साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारीपर्यंत जातात. त्यामुळे बारावीच्या मे महिन्यात दिलेली परीक्षा, तिचा निकाल कितीही उत्तम लागला तरी, प्रवेशाच्या कामी येत नाही. साक्षीसाठी उरतात ते नववी, दहावी आणि अकरावीचे तीन मे महिने. त्यातील नववीचा मे बहुधा फार लवकर येतो आणि अकरावीच्या वसंतात सॅट व इतर धावपळ असते. हे ध्यानात घेतले म्हणजे 'केव्हापासून' ह्या प्रश्नाचे उत्तर वयावरून काढण्याऐवजी कॅलेंडर उलटे चाळून काढावे लागते.

कल्पिलेल्या घरातील आईच्या मनात स्वाभाविकपणे पहिला विचार येईल तो रसायनशास्त्राचा. विषय तिचा हातखंडा, मुलीलाही गोडी. मग नववीतच परीक्षा का देऊ नये? हा मोह टाळावा. ए.पी. रसायनशास्त्रापूर्वी त्या विषयाचा एक प्राथमिक अभ्यासक्रम आणि बीजगणिताचा दुसरा अभ्यासक्रम झालेला असावा, असे कॉलेज बोर्डाचेच सांगणे आहे, आणि ते उगाच नाही. आम्ल-अल्कलींच्या प्रकरणात लॉगरिथम येतो; अभिक्रियेच्या समतोलात समीकरण मांडून सोडवावे लागते. गणित कच्चे असताना मुलगी रसायनशास्त्रात अडखळते आणि आपल्याला रसायनशास्त्रच येत नाही असे समजून बसते. आवडता विषय नावडता होण्याची ही वाट फार जवळची आहे, आणि शिकविणारी आईच असली म्हणजे विषयाबरोबर घरातली मायाही थोडी कडवट होते. ह्या मुलीने नववीत भूमिती आणि जीवशास्त्र, दहावीत दुसरे बीजगणित आणि प्राथमिक रसायनशास्त्र घ्यावे. प्रगत रसायनशास्त्र अकरावीत आपोआप योग्य जागी येऊन बसते.

गणिताची साखळी तर त्याहून लांब. भूमिती, दुसरे बीजगणित, मग कॅल्क्युलसपूर्व गणित आणि शेवटी कॅल्क्युलस. दरवर्षी एक कडी धरली तर कॅल्क्युलस बारावीत पडतो. अभियांत्रिकीकडे ओढा असेल आणि तो अकरावीत हवा असेल तर एक कडी आधीच्या उन्हाळ्यात किंवा भूमितीच्या जोडीने पुरी करावी लागेल, आणि ते तेराव्या वर्षीच ठरवावे लागेल. त्यातही ए.बी. आणि बी.सी. असे दोन प्रकार : पहिल्यात महाविद्यालयाच्या एका सत्राइतका भाग, दुसऱ्यात सुमारे दोन सत्रांचा. कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र त्याच्या बरोबरीने अथवा नंतरच घ्यावे.

इतिहासासारख्या विषयांना गणिताची अडचण नाही, पण तेथे निराळी पात्रता लागते. समोर ठेवलेले कागदपत्र वाचून, घड्याळाकडे पाहत, मुद्देसूद निबंध लिहावयाचा असतो. तेरा-चौदा वर्षांची पुष्कळ मुले वाद उत्तम घालतात, परंतु तोच वाद कागदावर मांडताना तिसऱ्या वाक्याला भरकटतात. म्हणून नववीत एखादी परीक्षा द्यावयाचीच असली तर मानवी भूगोलासारखा हलका विषय पुष्कळजण निवडतात. त्यात गुणांपेक्षा परीक्षेचे वातावरण कळते, एवढाच लाभ धरावा. दहावीत इतिहास घेता येईल. लिहिण्याचा सराव तोवर रोज झालेला असावा, म्हणजे झाले.

घरच्या शाळेला एक सवलत अशी आहे की तिचा उपयोग फार थोडे पालक करतात. शाळेला सप्टेंबर ते मे एवढीच मुदत मिळते. घराला ती पाळण्याचे कारण नाही. अकरावीच्या मे महिन्यात द्यावयाच्या परीक्षेचा अभ्यास दहावीच्या जानेवारीतही सुरू करता येतो. सोळा महिने मिळाले तर मुलगी तेच पुस्तक सावकाश, प्रयोग करीत, चुकत आणि दुरुस्त करीत वाचू शकते. जेज्वीट धर्मगुरूंनी 1599 मध्ये आपल्या विद्यालयांसाठी जो अभ्यासनियम लेखी ठरविला, त्यात वर्षातून एकदा वरच्या वर्गात चढविण्याची पद्धत होतीच. तथापि विशेष पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा घेऊन मध्येच वर चढविण्याची मुभाही होती. पंचांगापेक्षा विद्यार्थ्याकडे पाहावे, हे त्या शिस्तप्रिय मंडळींनाही पटले होते. मात्र ती मुभा दोन्ही बाजूंनी वापरली पाहिजे : पुढे गेलेल्याला चढवावे, आणि तयार नसलेल्याला निःसंकोच थांबवावे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगाव्या अशा. ए.पी.चा वर्ग केल्यावाचूनही परीक्षा देता येते; पण ती एखाद्या शाळेतच द्यावी लागते आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देणे न देणे त्या शाळेच्या मर्जीवर असते. 2019-20 ह्या शैक्षणिक वर्षापासून नोंदणीची अखेर नोव्हेंबरात येते. तेव्हा आसपासच्या शाळांतील ए.पी. समन्वयकांकडे ऑगस्ट-सप्टेंबरातच विचारणा करावी. पहिली शाळा नकार देईल, दुसरीही देईल. तिसरीला फोन करण्याइतका वेळ हाताशी असावा. एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास पडते. 2025 च्या मे महिन्यापासून पुष्कळ परीक्षा संपूर्ण संगणकावर होऊ लागल्या आहेत, त्यामुळे पडद्यावर निबंध लिहिण्याची सवय हवी. आणखी एक सावधगिरी म्हणजे कॉलेज बोर्डाकडून पाठ्यक्रम मंजूर करून घेतल्याखेरीज आईने गुणपत्रकात विषयापुढे 'ए.पी.' ही अक्षरे लिहू नयेत. पालकांनाही तो मंजुरीसाठी पाठविता येतो. ते करावयाचे नसेल तर 'प्रगत रसायनशास्त्र' एवढेच लिहावे आणि परीक्षेचे गुण स्वतंत्र नोंदवावे.

सर्वच साक्ष ए.पी.ची असावी असेही नाही. गावच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घेता येतो. प्रयोगशाळेच्या विषयाला ती सोय अधिक बरी, कारण स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळे प्रयोग होत नाहीत. तिकडे एका दिवसाच्या परीक्षेऐवजी सबंध सत्राच्या कामाचे गुण मिळतात. परंतु ते गुण कायमचे नोंदले जातात, हे पंधरा वर्षांच्या मुलीला तेथे पाठविण्यापूर्वी तिला समजावून द्यावे.

राहता राहिला बारावीचा मे. पुष्कळ विद्यापीठांना 1 मेपर्यंत होकार कळवावयाचा असतो आणि परीक्षा त्यानंतर सुरू होतात. कोठे जावयाचे ते तोवर ठरलेले असते. मग ही परीक्षा केवळ श्रेयांकांसाठी. कॅलिफोर्निया विद्यापीठ 3 व त्यावरील गुणांना श्रेयांक देते, एम.आय.टी. कॅल्क्युलस बी.सी.मध्ये 5 मिळाले तरच पहिल्या गणिताची सूट देते. प्रत्येक विद्यापीठाचा तक्ता निराळा, आणि तो पाहूनच फीचे पैसे भरावेत. ज्या विषयात आपले विद्यापीठ काहीच देत नाही, त्याची परीक्षा त्या वसंतात सोडून देण्यास हरकत नाही. आईला त्या दिवसांत मुलीला वरणाला फोडणी कशी द्यावी हे शिकविता येईल. सप्टेंबरात ती दुसऱ्या गावी, वसतिगृहाच्या खोलीत असेल.