गालातला तिसरा थर



आज मी एकाच स्नायूविषयी बोलणार आहे. दाढांवर दाढा घट्ट दाबून गालावर बोटं ठेवली की जो टणक होऊन फुगतो, तो मॅसेटर. कृष्णाकाठचा ऊस दातांनी सोलून खाताना सगळ्यांत जास्त राबतो तोही हाच.

दंतवैद्यक आणि शरीररचनाशास्त्रातले आपण बहुतेकजण तो दोन थरांचा आहे असं शिकलो. वरचा थर गालाच्या हाडापासून तिरका खाली आणि मागे, जबड्याच्या कोनाकडे जातो. आतला जवळजवळ उभा उतरतो. काही ग्रंथ तीन थर मानत, पण तिसऱ्याबद्दल एकवाक्यता नव्हती. स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठात सिल्व्हिया मेझेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ शिरांचं विच्छेदन केलं, १६ मृतदेहांचे सीटी स्कॅन पाहिले, एका जिवंत माणसाचा एमआरआयही तपासला. २०२१ च्या अखेरीस त्यांनी मांडलं की सर्वांत आत आणखी एक वेगळा थर आहे. तो कानाजवळ, गालाच्या हाडाच्या कमानीच्या मागच्या भागाच्या आतल्या बाजूने निघतो आणि पुढे-खाली येऊन जबड्याच्या कोरोनॉइड सुळक्याच्या बुडाशी व मागच्या कडेला चिकटतो. धाग्यांची ही दिशाच सांगते की तो जबडा मागे खेचू शकतो. मॅसेटरच्या बाकीच्या भागांना हे जमत नाही. ज्या स्नायूचं चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, त्यात एकविसाव्या शतकात भर पडावी, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण मित्रहो, हा कोरोनॉइड सुळका आपल्याला परका नाही. आपल्या ओपीडीत रोज बसणारी मावा-गुटख्याची पोरं आठवा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न जाणारे विशी-पंचविशीतले रुग्ण येतच आहेत. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखाली ताठ तंतू साचतात, आजार वाढला की स्नायूही आखडतो. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात सरकवावा लागतो, तिखट तर सोसतच नाही. अशा वाढलेल्या आजारात आपले शल्यविशारद गालातले पट्टे सोडवतात आणि गरज पडल्यास तोच कोरोनॉइड सुळका कापतात. त्याला चिकटलेला कानशिलाचा स्नायू, टेंपोरॅलिस, सोडवला, एवढंच आपण टिपणात लिहितो. मागच्या कडेचे धागे कुणाचे होते, ते कापल्यावर जबड्याची मागे सरकण्याची ताकद कमी होते का, हे विचारायला हवं. हा प्रश्न बाझलपेक्षा कराड, मिरज आणि सांगलीत जास्त निकडीचा आहे, कारण असे रुग्ण आपल्याकडे आहेत.

विच्छेदनगृहातही आपण गालाची कमान घाईघाईने दोन ठिकाणी कापून मॅसेटरसकट खाली उलटवतो. या घाईत आतले धागे टेंपोरॅलिसचे समजून तुटण्याचा संभव मोठा. ज्या कुटुंबांनी देहदानाला संमती दिली, त्यांच्या विश्वासाला ही घाई शोभत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा: येत्या सत्रापासून कमान कापण्याआधी मॅसेटर बाहेरून थराथराने सोडवावा, दोन्ही बाजूंची छायाचित्रं ठेवावीत आणि सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी ती एकत्र जमवावीत. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी सुळक्याच्या मागच्या कडेला काय दिसलं, ते टिपणात एका ओळीत नोंदवावं, आणि रुग्णाचं तोंड किती उघडतं यासोबत जबडा किती मागे सरकतो तेही शस्त्रक्रियेआधी व नंतर मोजावं. आजच्या खुल्या सत्रात हा प्रस्ताव चर्चेला घ्यावा, ही विनंती.